ओटा, कपाटं आणि उपकरणं एकाच घरातली कशी वाटतील?

कोनाडा

स्वयंपाकघराचं काम काढलंय. जुनी कपाटं उतरवून झाली, भिंती मोकळ्या आहेत आणि लवकरच नव्या कपाटांची ऑर्डर पक्की करायची आहे. आमचं स्वयंपाकघर बैठकीच्या खोलीला खुलं आहे, मधे भिंत नाही. सोफ्यावर बसलं की फ्रीजची बाजू, ओव्हनची काच, चिमणी सगळं एका नजरेत येतं.

स्टीलच्या रंगाचा मोठा फ्रीज आहे, तो छान चालतोय, तो राहणार. ओव्हन, मायक्रोवेव्ह, डिशवॉशर, हॉब (ओट्यात बसवायची शेगडी) आणि चिमणी नवीन घ्यायची आहे. डिझायनर म्हणतात, सगळं मॅट पांढरं करा, हँडल नकोत, डिशवॉशर शटरमागे, म्हणजे कपाटासारख्या दारामागे, लपवा. घरातलं दुसरं मत असं की उपकरणं काळी आणि कपाटंही गडद घ्या, म्हणजे सगळं एकमेकांत मिसळून जाईल. मला दोन्ही पटत नाही, पण का पटत नाही ते धड सांगता येत नाही. मेळ घालायचा तो नेमका कशाचा? रंगाचा, कंपनीचा, की आणखी कशाचा? ज्यांनी हे काम केलंय किंवा करून घेतलंय त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

मोजपट्टी

कपाटांच्याच कामात आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

रंगावर सगळ्यात शेवटी या. लांबून बघताना डोळ्याला आधी कडा दिसतात. ओट्याची कड, वरच्या कपाटांची खालची कड, ओव्हनची वरची कड, फ्रीजचा माथा, खालचं स्कर्टिंग म्हणजे कपाटांखालची जमिनीलगतची पट्टी. या आडव्या रेषा एकमेकींना जुळल्या की तीन वेगळ्या रंगांची उपकरणंसुद्धा एका हाताने मांडल्यासारखी वाटतात. रेषा तुटल्या, की सगळं एकाच कंपनीचं आणि एकाच रंगाचं असूनही खोली विस्कटलेली दिसते.

मापांची गोष्ट अशी आहे. उपकरणं आणि कपाटं दोन्ही ६० सेंमी रुंदीच्या हिशोबात बनतात, युरोपात त्यासाठी ईएन १११६ नावाचं मानकच आहे. ओव्हन ६०, डिशवॉशर ६० किंवा ४५, हॉब ६०, ७५ किंवा ९०. ओट्याची खोली ६० ते ६५ असते. गाडी अडते ती फ्रीजपाशी. सुटा फ्रीज खोलीला ६५ ते ७५ असतो, शिवाय मागे हवेसाठी जागा आणि पुढे हँडल. म्हणजे तो ओट्याच्या पुढे वीतभर येतोच. खुल्या स्वयंपाकघरात मेळ बिघडवणारी सगळ्यात मोठी गोष्ट ही. तुम्ही फ्रीजचा रंग बघताय आणि खटकतेय त्याची करडी, प्लॅस्टिकची बाजू.

त्यावर उपाय आहेत. फ्रीजच्या दोन्ही बाजूंना कपाटाच्याच लॅमिनेटचे उभे पॅनल लावा, फ्रीजच्या बॉडीइतके खोल. दरवाजा मात्र त्यांच्या पुढे राहायला हवा. वर तेवढ्याच खोलीचं कपाट घ्या, म्हणजे फ्रीजला चौकट मिळते. किंवा फ्रीजलगतची कपाटं भिंतीपासून १० सेंमी पुढे ओढा आणि ओटा तेवढा रुंद करा. यात ओट्यावर मागे जास्तीची जागा मिळते, मिक्सर-टोस्टर कायमचे उभे राहू शकतात. जागा असेल तर माझी पसंती दुसऱ्या उपायाला. फ्रीजची रुंदी-खोली आणि तो कुठल्या भिंतीला लागतोय तेवढं लिहा.

तिन्हीसांज

मोजपट्टी, फार उपयोगी माहिती. मला एक विचारायचंय. सगळी उपकरणं एकाच कंपनीची घ्यावीत असा आग्रह दुकानदार धरतात. दिसण्यासाठी त्याचा खरंच फायदा आहे का?

सुटे_भाग

मी उपकरणं दुरुस्त करतो. तिन्हीसांज, अर्धा फायदा आहे. जी दोन उपकरणं एकमेकांना चिकटून बसणार, ती एकाच कंपनीची आणि एकाच मालिकेची घ्या. ओव्हन खाली आणि मायक्रोवेव्ह वर असा उभा खांब करणार असाल तर हँडलची जाडी, काचेचा काळा आणि आकड्यांचा रंग लगेच नजरेत भरतो. एकाचे आकडे पांढरे आणि दुसऱ्याचे हिरवे, हे रात्री तर फारच दिसतं. बाकी डिशवॉशर, फ्रीज, चिमणी यांच्यात दीड-दोन मीटरचं अंतर असतं. तिथे कंपनी कुठली ते कुणालाही कळत नाही.

आता माझा मुख्य मुद्दा, आणि तो कळकळीने सांगतोय. चांगली कपाटं पंधरा-वीस वर्षं सहज जातात. उपकरणं साधारण दहा-बारा वर्षांत बदलावी लागतात, मायक्रोवेव्ह त्याहूनही लवकर. म्हणजे आज तुम्ही ज्या ओव्हनला कपाट शिवताय, तो ओव्हन त्या कपाटाचा शेवटचा रहिवासी नाही. कोनाडा आजच्या मॉडेलच्या मापाला मिलिमीटरपर्यंत जुळवून केला, की पुढचं मॉडेल बसत नाही. मग एक तर कपाट कापावं लागतं, नाहीतर भोवती फटी राहतात. अशी घरं मी नेहमी पाहतो. घेतलेल्या उपकरणापेक्षा प्रमाणित कोनाड्याचं माप धरा. बिल्ट-इन ओव्हनला साधारण ५६ सेंमी रुंद, ५९ ते ६० उंच आणि निदान ५५ खोल. वर छोटा ओव्हन किंवा मायक्रोवेव्ह असेल तर ४५ सेंमी उंचीचा कोनाडा. उरलेल्या १५ सेंमीत ड्रॉवर बसवला की पुन्हा ६०ची रेषा जुळते. हे आकडे बहुतेक कंपन्या पाळतात, पण अगदी वेगळ्या आकाराचं एखादं आकर्षक मॉडेल घेतलंत, तर त्याची बदली मिळवताना पुढे त्रास होईल.

प्लग पॉइंट उपकरणाच्या पाठीमागे कधीही नको, शेजारच्या कपाटात हवा. मागे प्लग असला की उपकरण तेवढं पुढे येतं आणि तुमची सगळी रेषा बिघडते. शिवाय वीज तोडायची वेळ आली तर हात पोचत नाही.

उजेड

रंग शेवटी हे मान्य, पण शेवटी म्हणजे घाईत नको. पांढऱ्यावर पांढरं जुळवणं हे या सगळ्यातलं सगळ्यात अवघड काम आहे. उपकरणाचा पांढरा म्हणजे पत्र्यावर भाजलेला रंग, कपाटाचा पांढरा म्हणजे लॅमिनेट किंवा पीयू (पॉलियुरेथेन) रंग, आणि ओट्याचा पांढरा म्हणजे दगड. तिघांचं मूळच वेगळं. राल नावाच्या रंगपट्टीत नुसत्या पांढऱ्याचे कितीतरी क्रमांक आहेत: ९००३, ९०१०, ९०१६. वेगवेगळे पाहिले तर तिन्ही पांढरेच वाटतात. शेजारी ठेवले की ९०१० पिवळसर दिसतो आणि ९०१६ जरा थंड. म्हणून पांढऱ्या कपाटांत पांढरं उपकरण बसवायचं असेल तर दोघांमधे दुसऱ्या कशाची तरी सीमा ठेवा. लाकडी पट्टी, काळी खाच, काहीही चालेल. नाहीतर कपाटं उघडपणे वेगळ्या छटेची घ्या. खटकतं ते ‘जवळजवळ सारखं’ असलेलं. सरळ वेगळं असलेलं खटकत नाही.

दुसरं म्हणजे नमुना दुकानात बघू नका. दोन रंग एका प्रकाशात हुबेहूब जुळतात आणि दुसऱ्या प्रकाशात वेगळे पडतात, कारण त्यातली रंगद्रव्यं वेगळी असतात. लॅमिनेटचा हातभर तुकडा आणा, फ्रीजच्या दारावर चिकटपट्टीने उभा लावा आणि सकाळी, दुपारी, रात्री दिवे लावून बघा. उभा लावायचा, टेबलावर आडवा ठेवायचा नाही, कारण उजेड वेगळ्या कोनातून पडला की छटा बदलते. दिवे २७०० केल्विनचे पिवळे आणि ४००० केल्विनचे पांढरे असे मिसळू नका. रंग खरे दाखवणारे, सीआरआय ९० च्या वरचे दिवे घ्या.

आणि ‘स्टील’ म्हणजे एकच रंग नव्हे. सिंक बहुधा ३०४ चं असतं, त्यात १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. उपकरणांच्या दर्शनी भागाला बऱ्याचदा ४३० वापरतात, त्यात निकेल जवळजवळ नसतं आणि लोहचुंबक त्याला घट्ट चिकटतं. पुष्कळ फ्रीजचे दरवाजे तर खऱ्या स्टीलचे नसतातच, स्टीलसारखा दिसणारा लेप दिलेला पत्रा असतो. तिघांची छटा थोडीथोडी वेगळी. त्यात घासणीच्या रेघा एकाच्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या असल्या तर प्रकाश वेगळा परततो आणि एकच धातू दोन रंगांचा वाटतो. शेजारी बसणाऱ्या दोन स्टील वस्तूंच्या रेघा एका दिशेच्या आहेत ना, एवढं दुकानात नक्की बघा.

कोनाडा

सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ताच मोजून आले. फ्रीज ९१ रुंद, हँडल धरून ७६ खोल, हँडल सोडून ७०. उजवी बाजू थेट भिंतीला लागते. आणि मोजपट्टी, तुम्ही म्हणालात ते अगदी खरं आहे. सोफ्यावरून मला त्याची बाजूच दिसते, दार दिसतच नाही!

काळ्या उपकरणांबद्दल काय वाटतं? आणि सगळं लपवण्याबद्दल?

दुपारवेळ

लपवण्याबद्दल मी सांगते. माझ्या बहिणीकडे सगळं शटरमागे आहे. फ्रीज, डिशवॉशर, ओव्हन, सगळं एकसारख्या पांढऱ्या दारांमागे. दिसायला सुंदर, यात शंका नाही. पण तिच्या सासूबाईंची नजर कमी झालीय. त्या पाणी घ्यायला जातात आणि चार सारख्या दारांपैकी फ्रीज कुठलं ते चाचपतात. मी तिथे होते तेव्हा त्यांनी दोनदा डबे ठेवायचं कपाट उघडलं आणि मग न बोलता परत जाऊन बसल्या. मला फार वाईट वाटलं. बहिणीने नंतर फ्रीजच्या शटरला जाड लाकडी मूठ बसवून घेतली, तेव्हापासून त्या न विचारता हवं ते घेतात.

ज्याला रोज हात लावायचा, ते घरातल्या प्रत्येकाला ओळखू यायला हवं. लहान मुलं, म्हातारी माणसं, मदतीला आलेलं कुणीही. सुसंगती डोळ्याला हवी तशी हातालाही हवी. कोनाडा, तुमचा फ्रीज दिसू दे. तो चांगला आहे, त्याला चौकट द्या आणि राहू दे.

सुटे_भाग

दुपारवेळ, शंभर टक्के अनुमोदन.

यात एक तांत्रिक भर घालतो. सुटा फ्रीज चौकटीत बसवणं वेगळं आणि बिल्ट-इन फ्रीज शटरमागे बसवणं वेगळं. सुटा फ्रीज बहुधा पाठीतून आणि बाजूंतून उष्णता टाकतो. त्याला पॅनलमधे गच्च बसवला तर कॉम्प्रेसर सतत चालतो, वीज जास्त जाते आणि आयुष्य कमी होतं. किती जागा सोडायची ते त्याच्या पुस्तिकेत आकृतीसह दिलेलं असतं, तेच प्रमाण. वरच्या कपाटाच्या मागे चिमणीसारखी पोकळी ठेवा, म्हणजे गरम हवा वर निघून जाईल. समोरून काही दिसत नाही.

तुमचा फ्रीज उजवीकडे भिंतीला आहे, तिथे आणखी एक गोष्ट बघा. दार ९० अंशांतच अडकलं तर आतले खण पूर्ण बाहेर येत नाहीत, काढून धुता येत नाहीत. भिंत आणि फ्रीज यांच्यामधे पट्टी टाकून जागा सोडा. किती, ते दार किती जाड आहे आणि हँडल किती बाहेर आहे यावर ठरतं. दार उघडून प्रत्यक्ष मोजा.

रेषा

वास्तुकला शिकतेय म्हणून थोडा इतिहास, कारण तो या प्रश्नाला थेट लागू आहे. १९२६ मधे मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी फ्रांकफुर्टच्या घरकुलांसाठी एक स्वयंपाकघर आखलं. साधारण १.९ बाय ३.४ मीटर, सगळं भिंतीत बसवलेलं, सगळं मोजून केलेलं. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली. आजच्या मॉड्युलर किचनचा उगम तिथे मानतात. त्यात फ्रीज नव्हता! म्हणजे एकसंध ओटा आणि कपाटं आधी आली, उपकरणं नंतर एकेक करून त्यात शिरली. सुरुवातीची बहुतेक पांढऱ्या एनॅमलची होती, कारण पांढरं म्हणजे स्वच्छ असं मानलं जायचं. १९६० आणि ७० च्या दशकांत अमेरिकेत अॅव्होकाडो हिरवी आणि सोनेरी पिवळी उपकरणं घराघरांत गेली. कपाटं, फरशी, पडदेही त्याच रंगांत जुळवले गेले. पुढे रंग मागे पडला आणि एक उपकरण बिघडलं तरी त्याच्या जोडीचं मिळेना.

म्हणून सुटे_भाग म्हणतात ते मला फार महत्त्वाचं वाटतं. रंगाची जोडी लावली तर एक गेलं की जोडी मोडते. मापाची आणि रेषेची जोडी लावली तर बदललेलं उपकरणही त्यात सामावतं.

मोजपट्टी

रेषा, छान लिहिलंत.

कोनाडा, आता काळ्याबद्दल. काळ्या काचेचा ओव्हन आणि हॉब बिनधास्त घ्या. ओव्हनची काच बहुतेक कंपन्यांत काळी मिळते, त्यामुळे पुढे बदलतानाही अडचण नाही. काळं स्टील मात्र जपून. तो स्टीलवरचा लेप असतो आणि ओरखडा पडला की आतलं चंदेरी दिसतं, ते भरता येत नाही. सगळी कपाटंही गडद मॅट घेतलीत तर बोटांचे तेलकट ठसे पुसत बसावं लागेल. ठसे कमी दिसणारी लॅमिनेटं मिळतात, तीच मागा. शिवाय खुल्या खोलीत अख्खी भिंत काळी झाली तर तिकडची बाजू बुजल्यासारखी होते. काळं विखुरलेलं असावं. हॉब, ओव्हन, नळ अशा तीन-चार जागी पुरे.

जिथे उष्णता आणि वाफ आहे तिथलं सामान नीट निवडा, हे दिसण्याचंच काम आहे. कारण वर्षभरात फुगलेली कड कुठल्याही रंगापेक्षा जास्त खटकते. मेंब्रेन म्हणजे पीव्हीसीचा पापुद्रा चढवलेली शटर ओव्हनशेजारी नकोत, उष्णतेने पापुद्रा सुटतो. डिशवॉशरवर ओट्याच्या खालच्या बाजूला वाफ अडवणारी पट्टी येते, बहुतेक वेळा ती उपकरणाच्या खोक्यातच असते आणि कारागीर ती न लावताच टाकून देतात. ती त्यांच्याकडे मागा आणि लावून घ्या. डिशवॉशरच्या दोन्ही बाजूंच्या शटरना एज बँडिंग (कड झाकणारी पट्टी) चारही कडांना हवं. खालची कड लोक सोडून देतात, आणि पाणी तिथूनच शिरतं.

हँडलचं म्हणाल तर, ओव्हनला आडवी नळी असणारच. मग खालच्या ड्रॉवरनाही तशीच आडवी नळी लावा, जाडी आणि फिनिश ओव्हनच्या जवळची. लगेच मेळ बसतो.

उजेड

हँडलबाबत माझं मत वेगळं आहे, मोजपट्टी. ओव्हनची नळी बारा वर्षांनी बदलणार. तिची नक्कल करून अख्ख्या घराची हँडलं ठरवली तर आपण पुन्हा त्याच सापळ्यात. कपाटांना खाचेचं म्हणजे प्रोफाइल हँडल घ्यावं. ते कपाटाचाच भाग वाटतं, आणि ओव्हनची नळी एकटी राहिली तरी चालते.

मोजपट्टी

मुद्दा बरोबर आहे. पण खाचेत धूळ आणि तेलकट चिकटा साचतो, आणि ओल्या हाताने शटर ओढताना बोटं घसरतात. रोज भरपूर स्वयंपाक होणाऱ्या घरात मी खालच्या ड्रॉवरना पकडता येणारं हँडलच सुचवतो. वरच्या कपाटांना काहीच नको, शटर खाली २ सेंमी लांब ठेवलं की बोटं घालून उघडतं. हँडल बदलणंही सोपं आहे, भोकांमधलं अंतर तेच ठेवलं की झालं. बाजारात १२८ आणि १६० मिमी अंतराची सगळीकडे मिळतात, त्यातलंच घ्या.

उजेड

भोकांच्या अंतराचा मुद्दा पटला. खाली नळी, वर काही नाही, हे मलाही चालेल.

कोनाडा

घरी सगळ्यांना हा धागा वाचून दाखवला. ठरलं ते असं. फ्रीज दिसणार, त्याच्या मोकळ्या बाजूला पॅनल आणि भिंतीकडे सोडलेली जागा झाकणारी पट्टी. त्या भिंतीवरची कपाटं १० सेंमी पुढे. ओव्हन आणि मायक्रोवेव्ह एकाच मालिकेतले, ६० आणि ४५ च्या कोनाड्यात, खाली १५ चा ड्रॉवर. खालची कपाटं फिक्या लाकडी लॅमिनेटची, वरची भिंतीच्याच रंगाची. पांढऱ्याशी पांढरं जुळवण्याचा नाद सोडला. नमुना फ्रीजच्या दारावर चिकटवला आहे. काल रात्री दिव्यात तो हिरवट दिसत होता, म्हणून दुसरा मागवला.

डिशवॉशर मात्र शटरमागेच जाणार, कारण तो नेमका सोफ्यासमोर येतो. तो ओळखता यावा म्हणून त्याच्या शटरला वेगळी मूठ लावणार. त्यात स्कर्टिंगची उंची किती ठेवू? डिझायनर ६ सेंमी म्हणतात, म्हणजे कपाटं तरंगल्यासारखी दिसतील.

सुटे_भाग

६ मधे बहुतेक अडकेल. शटरमागच्या डिशवॉशरचं दार खाली पडताना शटरची खालची कड आत वळते आणि स्कर्टिंगला घासते. शटर जितकं लांब, तितकी ती कड जास्त आत येते. साधारण १० ते १५ सेंमी ठेवा आणि सगळीकडे एकसारखं ठेवा, म्हणजे रेषा तुटत नाही. कमी उंचीच हवी असेल तर शटर वर सरकवणाऱ्या बिजागरीचं मॉडेल मिळतं, ते मुद्दाम विचारून घ्या.

शटरच्या वजनालाही मर्यादा असते. ती पुस्तिकेत किलोमधे दिलेली असते, आणि दाराची स्प्रिंग त्या वजनाला जुळवून घ्यावी लागते. जाड लाकडी मूठ लावणार असाल तर तिचं वजनही धरा. आणि मशीन चालू आहे हे कळण्यासाठी जमिनीवर प्रकाशाचा ठिपका टाकणारं मॉडेल घ्या. फिक्या फरशीवर तो दिवसा दिसतो का, ते दुकानात चालवून बघा.

मॉडेल पक्कं झालं की बसवणीची आकृती डाउनलोड करून कपाटवाल्याला द्या. शटर कापण्याआधी.

कोनाडा

आजच पाठवते. स्कर्टिंग १२ करायला सांगते आणि शटरचं वजन विचारून इथे लिहिते.